सरकारी बाभूळ

तेलुगू भाषिक प्रदेशात एका काटेरी झुडपाला ‘सर्कार तुम्मा’ असे म्हणतात. तुम्मा म्हणजे बाभूळ, आणि सर्कार म्हणजे अर्थातच सरकार. लोकभाषेने एखाद्या वनस्पतीला थेट शासनाचे नाव द्यावे, हा मान फार थोड्या झाडाझुडपांच्या वाट्याला आला असेल. (आपल्याकडे गाजरगवताला ‘काँग्रेस गवत’ म्हणतात, ते याच जातीचे नामकरण.) हेच झुडूप तमिळनाडूत ‘सीमै करुवेलम्’ आहे, म्हणजे विलायतेची बाभूळ. दिल्लीत ते विलायती कीकर, मारवाडात अंग्रेजी बबूल, कर्नाटकात बळ्ळारी जाली. कच्छमध्ये त्याला ‘गांडो बावळ’ म्हणतात. हे नाव मराठी कानाला पहिल्यांदा जरा दचकवते, परंतु गुजरातीत गांडो म्हणजे केवळ वेडा. महाराष्ट्रातील वेडी बाभूळ ती हीच.

नावांची ही यादी वाचली की लक्षात येते, निरनिराळ्या भाषांतील लोकांनी या झुडपाविषयी तीनच गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत: ते परके आहे, ते वेडे आहे, आणि ते सरकारने आणले आहे. पहिली आणि तिसरी गोष्ट निर्विवाद खरी आहे. दुसरी मात्र तपासून पाहावी लागते. कारण या झुडपाच्या वागण्यात वेडेपणा कुठेच नाही. त्याने जे केले ते त्याच्या स्वभावाप्रमाणे केले, आणि तो स्वभाव सरकारी कागदपत्रांत पहिल्यापासून, बहुधा कौतुकाने, नोंदलेला होता. नोकरीतील काही वर्षे पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात गेल्यामुळे या बाभळीशी माझा संबंध आला, तो आधी फायलींतून आणि नंतर जीपच्या पंक्चर झालेल्या टायरांतून. तेव्हापासून हा इतिहास जमेल तसा गोळा करीत आलो आहे.

प्रथम तिची ओळख. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला प्रोसोपिस जुलिफ्लोरा म्हणत आले. स्वीडिश शास्त्रज्ञ ओलोफ स्वार्ट्झ याने १७८८ मध्ये तिचे पहिले वर्णन केले. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग हा तिचा मूळ कोरडा मुलूख. तिकडे तिच्या जातभाईंना मेस्कीट म्हणतात. गंमत अशी की आपल्या पूजेतील शमी, म्हणजेच मारवाडची खेजडी, हीसुद्धा प्रोसोपिस याच प्रजातीत गणली जात होती, आणि त्यामुळे ही दोन झाडे चुलत बहिणी आहेत असे समजून चालण्याची पद्धत पडली होती. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी या प्रजातीची फेरमांडणी केली, खेजडीला प्रोसोपिसमध्येच ठेवले आणि अमेरिकेतील या बाभळीला नेल्टुमा नावाच्या वेगळ्या प्रजातीत पाठविले. म्हणजे चुलत नातेही पूर्वी वाटले होते त्याहून लांबचे निघाले. मारवाडच्या शेतकऱ्याला याचे आश्चर्य वाटले नसते. खेजडीच्या खाली त्याचा बाजरा उत्तम येतो, आणि या बाभळीखाली काहीच येत नाही, हे त्याला ठाऊक होते.

आता तिची वाढ कशी होते ते थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व प्रशासकीय कथा या तपशिलावर उभी आहे.

बी रुजल्यावर ही वनस्पती पहिली मेहनत जमिनीवर करीतच नाही. अंगठ्याएवढे रोप वर दिसत असते, तेव्हा तिचे सोटमूळ कितीतरी खोल ओलाव्याच्या शोधात निघालेले असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका उघड्या खाणीच्या खोदकामात मेस्कीटचे मूळ पन्नास मीटरहून अधिक खोलीवर सापडल्याची नोंद आहे. त्याचबरोबर उथळ मुळांचे जाळे चहूकडे पसरते, आणि पावसाची एखादी सर आली तर तीही वाया जात नाही. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून देतात, म्हणून नापीक जमीन तिला अडवीत नाही. खारटपणाही ती बराच सोसते. कडाक्याची थंडी मात्र तिला मानवत नाही. हिमदव पडला की शेंडे जळतात. भारतातील बहुतेक कोरड्या जिल्ह्यांत तो अडसर नाही.

मोकळी जागा आणि काळजी मिळाली तर तिचा चांगला वृक्ष होतो. परंतु एकदा तोडली की बुंध्यापासून पाच-दहा फुटवे निघतात आणि मग तिचे काट्यांचे झुडूप बनते. जितकी तोडावी तितकी ती दाट होते. पाने गुरांना आवडत नाहीत, म्हणून चराईने ती मरत नाही. शेंगा मात्र गोड असतात, आणि गुरे, शेळ्या, नीलगाई त्या आवडीने खातात. शेंगेतील बी कठीण कवचात असते. ते पुष्कळदा जनावराच्या पोटातून सुखरूप बाहेर पडते, वर कवच मऊ होऊन, खतासह, कोसभर लांब जाऊन पडते. जे बी लगेच उगवत नाही ते जमिनीत कित्येक वर्षे वाट पाहत राहते. गळलेल्या पाल्यातील द्रव्ये खालच्या इतर रोपांना वाढू देत नाहीत.

एवढे वाचून कोणाही वनाधिकाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल, आणि तसेच झाले.

१८७६ साली मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ सुरू झाला, आणि तो दोन वर्षे टिकला. कडप्पा, बळ्ळारी, कर्नूल हे जिल्हे होरपळून निघाले. मद्रासकडील आगगाड्यांच्या इंजिनांत त्या काळात दगडी कोळशापेक्षा लाकूडच फार जळत असे, आणि जवळची जंगले संपत चालली होती. अशा वेळी उत्तर विभागाचे वनसंरक्षक लेफ्टनंट कर्नल रिचर्ड हेन्री बेडोम यांनी मद्रासच्या महसूल खात्याला पत्र लिहून या झाडाचे बी मागविण्याची विनंती केली. बेडोम म्हणजे नुसता लाकूडतोड्या अधिकारी नव्हे. दक्षिणेतील नेचे, साप आणि बेडूक यांवरील त्यांचे काम आजही अभ्यासक हाताळतात. १८७७ मध्ये जमैकाहून बी आले आणि कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम् येथे पेरले गेले. सिंधमध्येही त्याच सुमारास लागवड झाली. ‘सर्कार तुम्मा’ हे नाव तेलुगू मुलखात का रुजले असावे, हे यावरून सहज ध्यानात येते.

या पत्रव्यवहारात एक शब्द महत्त्वाचा आहे, आणि तो झाडाविषयीचा नसून जमिनीविषयीचा आहे. ब्रिटिश महसूल पद्धतीत ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती ‘वेस्ट’, आपल्या भाषेत पडीक. गवताळ माळ, खारी सपाटी, नदीकाठची गुरचरणे, काटेरी रान, सर्व या एका रकान्यात बसत. त्या जमिनीवर कोणाची गुरे चरतात, कोणत्या महिन्यात, कोणाच्या परवानगीने, हे साऱ्याच्या हिशेबात येत नसल्यामुळे दप्तरातही येत नसे. एकदा जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीही उगवणे हा फायदाच मानला जातो. स्वातंत्र्यानंतर सारा नाममात्र झाला, पण रकाना राहिला. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, पुढे पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघाले, आणि चराऊ माळरानांचा पुष्कळसा भाग त्यांत पडीक म्हणूनच रंगविला गेला. वेड्या बाभळीला भारतात जी जमीन मिळाली ती प्रामुख्याने याच रकान्यातून मिळाली.

दुसरा प्रवेश जोधपूर संस्थानात झाला. तेथे १९१३ च्या सुमारास ती आली आणि मारवाडच्या वाळूत तग धरून राहिली. १९४० मध्ये जोधपूर दरबाराने तिला राजवृक्षाचा दर्जा दिला आणि तिचे रक्षण करण्याविषयी प्रजेला फर्मावले. ज्या मुलखात १७३० साली खेजडीसाठी तीनशे त्रेसष्ट बिष्णोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, त्याच मुलखात दोन शतकांनी एका पाहुण्या झुडपाला राजमान्यता मिळाली. दरबाराचा हेतू मात्र वाईट नव्हता. मारवाडात सरपण नव्हते. बायका शेण थापून जाळीत, म्हणजे शेताचे खत चुलीत जाई. खेजडी वाढायला पिढी लागते. ही बाभूळ चार-पाच वर्षांत मोळी देते. खेजडी पुढे १९८३ मध्ये राजस्थानचा राज्यवृक्ष झाली, तोपर्यंत राजवृक्षाने अर्धे गावशिवार व्यापले होते.

स्वातंत्र्यानंतर वाळवंट पुढे सरकत आहे या भीतीने दिल्लीला ग्रासले. जोधपूरला १९५२ मध्ये वाळवंट वनीकरण केंद्र निघाले, आणि १९५९ मध्ये त्याचेच केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. या संस्थेचे काम मोलाचे आहे, आणि वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यात या बाभळीचा हातभार लागला हेही खरे. कर्नालच्या क्षारजमीन संशोधन संस्थेने उत्तरेकडील चोपण जमिनींत खोल भोके पाडून, खालचा चुनखडीचा कठीण थर फोडून, तीच बाभूळ लावण्याची रीत बसविली. तेथे काही वर्षांनी माती सुधारल्याचे दिसून आले. जिथे खरोखर काहीच नव्हते तिथे ती उपकारक ठरली, हे आजच्या संतापात विसरले जाते. प्रश्न उभा राहिला तो जिथे काहीतरी होते तिथे.

अशा जागेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बन्नी.

भुजच्या उत्तरेला, मोठ्या रणाच्या दक्षिण कडेला सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा हा सपाट प्रदेश आहे. नद्यांनी आणलेल्या गाळाने तो घडला. पाऊस बेभरवशाचा, परंतु पडला की गुडघाभर गवत. आपल्याकडील मारवेल गवताला तिकडे झिंझवो म्हणतात. त्याच्या जोडीला धामण. आशियातील उत्तम गवताळ प्रदेशांत बन्नीचे नाव घेतले जाई. तेथे राहणारे मालधारी, बहुसंख्य मुसलमान, आणि सोबत मेघवाळ कुटुंबे, शतकानुशतके गुरे राखीत आले. संस्थानी काळात बन्नी हे राखीव चराऊ रान होते; नांगर चालवण्यास मनाई, चराईची वहिवाट ठरलेली. पडीक म्हणावे असे त्यात काहीही नव्हते.

१९५५ मध्ये, कच्छ हे स्वतंत्र ‘क’ वर्ग राज्य असताना, बन्नी भारतीय वन अधिनियमाखाली संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. या अधिनियमाचे कलम २९ ज्यांनी हाताळले आहे त्यांना त्याची मेख माहीत असेल. संरक्षित वन जाहीर करण्यापूर्वी तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करून ती नोंदवावी, असे कलम सांगते. परंतु चौकशीला फार वेळ लागेल आणि तोवर शासनाच्या हिताला बाधा येईल असे वाटल्यास चौकशी चालू ठेवून आधी जाहीर करण्याची मुभा एका परंतुकाने दिलेली आहे. परंतुक हे तात्पुरत्या सोयीसाठी असते. बन्नीत ही तात्पुरती सोय अर्धशतकाहून अधिक टिकली. जमिनीचा ताबा महसूल खात्याकडे, दर्जा वनाचा, वापर मालधाऱ्यांचा, आणि हक्कांची नोंद कोणाकडेच नाही, अशी ती चौकोनी अवस्था होती. (१९५६ ते १९६० या काळात कच्छ द्विभाषिक मुंबई राज्यात होते. म्हणजे या फायलींचा काही प्रवास मुंबईच्या सचिवालयातूनही झाला असणार.)

गुजरात राज्य झाल्यावर लगेच, १९६०-६१ मध्ये, वन खात्याने रणाच्या कडेने सुमारे एकतीस हजार पाचशे हेक्टरांवर वेड्या बाभळीची लागवड केली. कारण सांगितले गेले ते रणाचे मीठ पुढे सरकू नये हे, आणि ती भीती निराधार नव्हती. ही बाभूळ निवडण्याची कारणे त्या काळच्या वनाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिली तर चोख दिसतात. मीठ सोसते. पाणी द्यावे लागत नाही. गुरे पाने खात नाहीत, म्हणजे कुंपण नको आणि राखणदारही नको. वनीकरणाच्या अंदाजपत्रकात कुंपण आणि राखण हीच खर्चाची खाती नेहमी फुगलेली असतात. ज्या झाडाला ती लागत नाहीत ते खात्याला देवाघरची देणगीच वाटणार. रोपे जगण्याची टक्केवारी दरवर्षी वर पाठवावी लागते, आणि या झाडाची टक्केवारी कधी मान खाली घालायला लावीत नाही.

त्या टक्केवारीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असता, लागवडीच्या सीमेबाहेर ते किती पसरले असा, तर दहा वर्षांत गोष्ट उघडी पडली असती. तो रकाना नव्हता. बाभळीने काय केले, तर शेंगा दिल्या. गुरांनी त्या खाल्ल्या आणि बन्नीभर फिरली. रणातील घुडखरानेही खाल्ल्या. घुडखर हा वन खात्याने जपलेला दुर्मीळ रानगाढव, आणि त्याच्या लिदीतून या बाभळीचे बी पसरते हे अभ्यासातून दिसून आले आहे; एकाच खात्याची एक राखलेली गोष्ट दुसरीला पेरीत चालली होती. त्यातच बन्नीकडे येणाऱ्या लहान नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, गोडे पाणी आणि गाळ कमी झाला, क्षार वाढले, गवत मागे हटले. गवत हटले तिथे बाभूळ आली. उपग्रहचित्रांच्या अभ्यासांनी १९८० च्या दशकातील हा विस्तार वर्षाला चौरस किलोमीटरांच्या हिशेबात मोजला, आणि आज निम्म्याहून अधिक बन्नी कमी-जास्त प्रमाणात या बाभळीखाली आहे. जिथे ती दाट आहे तिथे वाकल्याशिवाय माणसाला चालता येत नाही, म्हैस तर दूरच.

म्हशीचा उल्लेख सहज केला नाही. मालधारी पूर्वी कांकरेज गाईंसाठी प्रसिद्ध होते. बन्नीचे बैल दूरदूरच्या बाजारांत जात. गवत आटले आणि गाई शेंगांवर जगू लागल्या तेव्हा त्या आजारी पडू लागल्या. शेंगांतील साखर आणि न पचणारे बी गाईच्या पोटाला मानवत नाही. म्हशीला त्या मानाने कमी त्रास होतो. मालधाऱ्यांनी हळूहळू गाई कमी करून म्हशी वाढविल्या. एका लागवड योजनेने एका समाजाचे जनावर बदलले. त्यांनी निवडून जोपासलेल्या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली, रात्री चरायला जाऊन पहाटे आपण होऊन घरी परतणारी ही म्हैस लाखाच्या किमतीला विकली जाऊ लागली, आणि हा मालधाऱ्यांच्या हुशारीचा विजय आहे. परंतु कोणत्याही प्रकल्प अहवालात तो अपेक्षित परिणाम म्हणून लिहिलेला नव्हता.

आणि मग कोळसा. या बाभळीचे लाकूड जड, जळायला उत्तम, आणि त्याचा लोणारी कोळसा भट्टीला चांगला. ज्यांच्याकडे गुरे नाहीत किंवा दुष्काळात गेली, त्यांनी कोळसा पाडायला सुरुवात केली. खरे तर संरक्षित वनातील लाकूड तोडणे गुन्हा. म्हणजे शासनाने लावलेले, शासनालाच नको झालेले झाड तोडणारा माणूस कायद्याने गुन्हेगार, अशी स्थिती बरीच वर्षे होती. २००४ मध्ये कोळशावरील बंधने उठविण्यात आली. बाभूळ कमी होईल आणि गरिबाच्या हाती पैसाही येईल, असा एका दगडात दोन पक्ष्यांचा विचार. पैसा आला, ट्रकच्या ट्रक भरून कोळसा बाहेर जाऊ लागला. परंतु कंत्राटदारही आले. अट अशी होती की झाड मुळासकट काढावे. मुळासकट काढणे कष्टाचे, आणि वरून तोडले तर तीन वर्षांत पुन्हा फुटवे तयार. ज्याचे पोट कोळशावर आहे तो मूळ का काढील? बाभळीबरोबर देशी झाडेही भट्टीत जाऊ लागली, तक्रारी झाल्या, आणि २००८ मध्ये बंधने परत आली.

दरम्यान १९९० च्या दशकाअखेर बन्नीचा कारभार वन खात्याकडे देण्याच्या हालचाली झाल्या होत्या. २००९ पासूनच्या दहा वर्षांसाठी खात्याने कार्य आयोजना तयार केली. तीत बन्नीचे भाग पाडून काही भाग कुंपणात घेण्याची कल्पना होती. मालधारी बिथरले. ज्या कुंपणाचा खर्च वाचावा म्हणून ही बाभूळ निवडली होती, ते कुंपण आता माणसांसाठी येत होते. त्यांच्या संघटनेने ‘बन्नी को बन्नी रहने दो’ अशी हाक दिली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावोगावच्या समित्यांनी सामूहिक दावे दाखल केले. १९५५ च्या परंतुकाने पुढे ढकललेली चौकशी अशा रीतीने लोकांनीच सुरू केली. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले, आणि मे २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने बन्नीतील शेतीची अतिक्रमणे हटविण्याचा आदेश देताना मालधाऱ्यांचा या गवताळ प्रदेशाच्या जतनाचा हक्क मान्य केला. पहिल्या अधिसूचनेला तेव्हा सहासष्ट वर्षे झाली होती.

बन्नीवर मी अधिक रेंगाळलो, कारण तेथे सगळ्या कड्या एकत्र दिसतात. इतरत्र हीच कथा थोड्याफार फरकाने घडली. तमिळनाडूच्या रामनाथपुरम् भागात कोरड्या जमिनी आणि तलावांची पात्रे या बाभळीने भरली आणि तिथेही कोळसा हा गरिबांचा धंदा झाला. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तिच्या सरसकट उच्चाटनाचे आदेश दिले, जिल्हाधिकाऱ्यांना मुदती घालून दिल्या, आणि त्याच वर्षी मुख्य पीठाने शास्त्रीय अभ्यासाच्या मुद्द्यावर काही काळ त्यास स्थगितीही दिली. त्या सुनावण्यांच्या काळात वृत्तपत्रांतून या बाभळीविषयी जे जे छापून येई ते पाहून कौतुक वाटे: ती हवेतील बाष्पही शोषून घेते, तिच्यामुळे पाऊस पडत नाही, इत्यादी. ती खोल मुळांनी भूजल ओढते हे खरे. बाकीचा भाग म्हणजे एके काळच्या अतिस्तुतीची उलटी बाजू.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी रिजवर फिरताना जे हिरवे रान पाहिले असेल त्यातील फार मोठा भाग हीच विलायती कीकर आहे. नवी राजधानी वसविताना टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून ती लावली गेली. तेथे जैवविविधता उद्यानांत प्राध्यापक सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली एक वेगळी रीत वापरली गेली: कीकर एकदम न तोडता तिच्या फांद्या वर छाटून उजेड खाली सोडायचा, देशी झाडे वाढू द्यायची आणि सावलीने तिला हळूहळू मागे हटवायचे. आखाती देशांतील वाचकांना हीच जोडी तिकडेही दिसेल. अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष घाफ म्हणजे आपली शमीच, आणि त्याच्या शेजारी रस्त्याकडेला पसरलेली काटेरी परकी म्हणजे ही बाभूळ. केनियात बारिंगो सरोवराकाठच्या पशुपालकांनी तर या झुडपावरून शासनाला न्यायालयात खेचले, आणि गोड शेंगा खाऊन दात गमावलेली एक शेळी पुरावा म्हणून नैरोबीच्या न्यायालयात हजर केली. आमच्याकडे जनावराची साक्ष घेण्याची तरतूद नाही. असती तर कांकरेज गाईला सांगण्यासारखे पुष्कळ होते.

आता प्रश्न काढण्याचा. ‘बाभूळमुक्त जिल्हा’ अशा घोषणा ऐकल्या की मला त्यांत १९६० च्याच फायलीचा सूर ऐकू येतो, फक्त क्रियापद बदललेले. तेव्हा इतके हेक्टर लावले असे कळवायचे होते, आता इतके हेक्टर काढले असे. जेसीबी भाड्याने घेऊन एका हंगामात शंभर हेक्टर मोकळे करणे कठीण नाही, आणि छायाचित्रेही चांगली येतात. पण त्या शंभर हेक्टरांवर सरपण वेचणाऱ्या बाया, कोळसा पाडणारी कुटुंबे, मधाची पोळी उतरवणारे कोळी, शेंगा गोळा करून विकणारी मुले, यांची नोंद कुठल्या रकान्यात आहे? बन्नीत तर कोळसा पाडणारा आणि गवतासाठी हळहळणारा हे पुष्कळदा एकाच घरातील दोन भाऊ असतात, किंवा एकच माणूस, पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरा. त्याला तुमची बाजू कोणती असे विचारले तर तो पावसाचे विचारतो.

बन्नीत अलीकडच्या वर्षांत काही गावांनी, भुजमधील ‘सहजीवन’सारख्या संस्थांच्या आणि अभ्यासकांच्या साहाय्याने, लहान लहान तुकडे साफ करून गवत परत आणण्याचे प्रयोग केले आहेत, आणि वन खात्यानेही गवताचे भूखंड तयार केले आहेत. मूळ खणून काढलेल्या जागी चांगल्या पावसाच्या वर्षी झिंझवो उगवतो, कधी कधी बी न पेरताही. परंतु जमिनीत पडून राहिलेले बाभळीचे बीही त्याच पावसाने जागे होते, आणि म्हशी शेंगा खाऊन येतच असतात. पहिल्या पावसानंतर हातभर रोपे दिसतात. ती त्या वर्षी हाताने उपटता येतात, पुढच्या वर्षी कुदळ लागते, तिसऱ्या वर्षी पुन्हा यंत्र. म्हणजे साफसफाईच्या खर्चाखेरीज निदान पाच-सहा वर्षे दर पावसाळ्यानंतर उपटणीच्या मजुरीची लहानशी तरतूद हवी. आपल्या योजनांमध्ये भांडवली कामाला पैसा मिळतो आणि देखभालीच्या शीर्षाखाली टिंब असते. असे प्रस्ताव मी पुष्कळ पाहिले आहेत. यंत्राचे तास त्यांत दोन दशांश स्थळांपर्यंत काढलेले असतात, आणि दुसऱ्या पावसाळ्याचे नाव कुठेही नसते.